अनित्यता आणि आमची जबाबदारी

‘सगळेच अनित्य आहे, तेव्हा जातही एक दिवस जाईल,’ असे आमचे काही शिकलेले मित्र म्हणतात. या म्हणण्याला ते बौद्ध विचार समजतात. मला ते मान्य नाही.

बुद्धाने अनित्यता एकटी सांगितली नाही. तिच्या जोडीला प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. प्रत्येक गोष्ट कारणाने उपजते. कारण नाहीसे झाले की तीही नाहीशी होते. कारणाला हात न लावता काळाची वाट पाहणे यात कुठेच बसत नाही.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात बुद्धाने तीन मते खोडली आहेत : माणसाचे सुखदुःख पूर्वकर्माने येते, ईश्वराच्या करणीने येते, किंवा कारणावाचूनच येते. आमच्या चौसाळ्याकडे ही तिन्ही मते मी साध्या बोलीत ऐकत आलो आहे : ‘मागल्या जन्माचे भोग’, ‘देवाची मर्जी’, ‘हे असेच चालत आले.’ बुद्धाचा आक्षेप असा की, यांतले काहीही मानले तर काय करावे आणि काय करू नये, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला, तेव्हा धम्मदीक्षेला चाळीस वर्षे अवकाश होता. पण शोधाची रीत हीच होती. जात कशावर टिकते हे त्यांनी तपासले आणि जातीतल्या जातीत विवाह हे तिचे मर्म म्हणून दाखवले. पुढे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांतही नाकारला.

मराठवाड्याचा इतिहास हेच सांगतो. सव्वादोनशे वर्षांची आसफजाही सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत कोसळली. अनित्यतेचा याहून मोठा पुरावा कोणता? तरीही गावकुसाबाहेरची वस्ती हलली नाही, कारण निजाम हे तिचे कारण नव्हते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलितांची घरे जाळली गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही सोळा वर्षांच्या लढ्याने. नुसत्या काळाने ते दिले नाही.

जात अनित्य आहे, याचा अर्थ ती मोडता येते एवढाच. कारण विवाहात असेल, तर पोटजात पाहून सोयरीक जुळवणाऱ्या बौद्ध घरांनाही हा प्रश्न चुकवता येणार नाही.