यंत्राचा मेंदू कुणाच्या हातात?

आज आपण एका लहानशा यंत्राच्या आधाराने मोठा इतिहास बघणार आहोत. टेबलावर मावणारं, 30 बाय 18 सेंटिमीटरच्या जागेत कोरकाम करणारं हे स्वस्त सीएनसी यंत्र. बाजारात त्याला नुसतं '3018' म्हणतात. ते घेणारे बरेच जण काही महिन्यांत आतला कंट्रोल बोर्ड काढून दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला बोर्ड बसवतात आणि यंत्र चालतं. मोबाइलमध्ये असं करून बघा, जमणार नाही. मग इथे कसं जमतं?

भांड्यांवर नाव घालणारा कारागीर आठवा. मशीन त्याच्या हातात असतं, पण अक्षर त्याच्या डोक्यात. सीएनसीचा इतिहास म्हणजे हे डोकं हातापासून वेगळं काढण्याचा इतिहास.

मिशिगनचे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. आकड्यांवरून यंत्र चालवायची कल्पना त्यांची. अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून एमआयटीच्या प्रयोगशाळेने 1952 मध्ये एका मिलिंग मशीनला भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम घ्यायला लावलं. अशा हुकुमांची भाषा पुढे जी-कोड म्हणून रुळली. 1980 मध्ये अमेरिकेत आरएस-274-डी या नावाने तिचं प्रमाणही ठरलं. पण कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यात आपापली भर घातली. भाषा सारखी, मेंदू मात्र बंद पेटीत.

ही पेटी उघडली ती दोन पायऱ्यांनी. 1990च्या दशकात अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेने साध्या पीसीवर चालणारा कंट्रोलर लिहिला. सरकारी काम, म्हणून सगळ्यांना खुलं. आजचं लिनक्ससीएनसी त्यातूनच आलं. मग 2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी 'जीआरबीएल' प्रसिद्ध केलं. ते आर्डुइनोच्या 32 केबी मेमरीत बसायचं, आणि तेही मुक्त. स्वस्त यंत्रं बनवणाऱ्यांना मेंदू फुकट मिळाला. 3018 स्वस्त आहे त्याचं एक कारण हे.

आता बोर्ड बदलून नेमकं काय मिळतं? थोडा हिशेब करू. मोटरच्या एका फेऱ्याचे 200 टप्पे. ड्रायव्हर प्रत्येकाचे 16 भाग करतो, म्हणजे 3200. एका फेऱ्यात स्क्रू 4 मिलिमीटर सरकवतो, म्हणून मिलिमीटरला 800 टप्पे. जुन्या 8-बिट चिपवर जीआरबीएल सेकंदाला सुमारे 30,000 टप्पे देऊ शकतं. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त 2250 मिलिमीटर. समजा आवाज कमी व्हावा म्हणून 32 भाग करणारा ड्रायव्हर लावला, तर ही मर्यादा निम्मी होते, 1125! नुसता हात सुधारला तर मेंदू कमी पडतो. म्हणून लोक ईएसपी32सारख्या 32-बिट चिपकडे वळले. ही चिप आली 2016 मध्ये. तिच्यावर चालणारं फ्लुइडएनसी किंवा ग्रब्लहॅल तोच जी-कोड वाचतं, त्यामुळे जुन्या फायली तशाच चालतात.

इथे एक भ्रम मात्र दूर करायला हवा. बोर्ड बदलल्याने सांगाडा ताठ होत नाही. कटर अडकून मोटरचे टप्पे चुकले तर साध्या स्टेपरच्या यंत्राला ते कळतही नाही, मग आतली चिप कितीही वेगवान असो. नव्या बोर्डाबरोबर लिमिट स्विच आणि तातडीने बंद करायचं बटण लावलं, तर ती खरी सुधारणा.

तरीही हा इतिहास आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ट्रॉफ्या, नावाच्या पाट्या कोरून पोट भरणाऱ्याचा बंद पद्धतीचा बोर्ड जळला आणि कंपनीने तो बनवणं थांबवलेलं असेल, तर धडधाकट यंत्र भंगारात जातं. खुल्या पद्धतीत तो जुन्या यंत्राला '$$' हा हुकूम देऊन सगळ्या सेटिंग्ज आधीच कागदावर उतरवून ठेवू शकतो आणि दुसरा बोर्ड आणून पुन्हा कामाला लागू शकतो. ही सोय कुणा एका कंपनीने दिलेली नाही. सरकारी पैसा, ठरलेली भाषा आणि फुकट वाटलेलं श्रम यांतून ती उभी राहिली. ती टिकवायची असेल, तर यंत्र घेताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: याचा मेंदू आम्हाला बदलता येईल का?