इंजिन ऑइल : दाट की पातळ?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की एखादा मेकॅनिक हमखास सुचवतो, ‘साहेब, आपल्याकडचा उन्हाळा कडक, जरा जाड ऑइल टाकू या.’ ग्राहकालाही ते पटते. दाट ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. ‘२०डब्ल्यू-५०’ वर चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या काळात तीत तथ्यही होते. आजच्या गाड्यांना मात्र ती महागात पडू शकते.

ऑइलच्या दाटपणाला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ मधील ‘डब्ल्यू’ हे ‘विंटर’चे आद्याक्षर. पहिला आकडा थंडीतील वर्तनाचा. तो तापमानाचा नव्हे. ‘एसएई’च्या मानकानुसार ‘५डब्ल्यू’ ऑइलची क्रँकिंग चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, तर ‘२०डब्ल्यू’ची उणे १५ अंशांना. द्रास किंवा लेहमधील वाहनधारकासाठी हा फरक निर्णायक असतो, पुण्याच्या थंडीत गाडी दोन्हींवर सुरू होईल. तरीही सकाळच्या पहिल्या स्टार्टला पातळ ऑइल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच क्षणांत होत असते.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशांना ‘३०’ ग्रेडची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ‘४०’ची १२.५ ते १६.३. आता नागपूरच्या मे महिन्याचा मुद्दा. बाहेर पारा १५ वर असो वा ४५ वर, थर्मोस्टॅट व रेडिएटर मिळून कूलंटचे तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतात. त्यामुळे केवळ उन्हाळा आहे म्हणून ऑइल बदलण्याच्या युक्तिवादात फारसा दम राहत नाही. भरलेली गाडी सतत घाटात चालवावी लागत असेल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही मालकपुस्तिकेने मान्य केलेल्या ग्रेडपैकीच दाट ग्रेड घ्यावी.

‘०डब्ल्यू-२०’साठी बनवलेल्या इंजिनातील ऑइलच्या वाटा आणि बेअरिंगमधील फटी त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. अनेक इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. तेथे ‘२०डब्ल्यू-५०’ ओतल्यास ही यंत्रणा मंदावते आणि पेट्रोल जास्त लागते. उलट चूकही तितकीच वाईट. जुन्या, सैल झालेल्या इंजिनात फार पातळ ऑइल घातले तर दाब घसरतो. गाडी ऑइल पीत असेल, तर एक ग्रेड दाट घेऊन काही दिवस निभावता येईल, परंतु पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील तपासावेच लागतील.

श्यानता जुळली म्हणजे काम झाले असेही नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारे ऑइल लागते, अन्यथा तो लवकर तुंबतो. पुस्तिकेत ग्रेडच्या शेजारी ‘सी२’ किंवा ‘सी३’ लिहिलेले असेल, तर डब्यावरही तेच हवे. डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा आणि बिलावर पूर्ण ग्रेड लिहून घ्यावी. पुढे वॉरंटीचा वाद निघालाच, तर तो कागद उपयोगी पडतो.