बीटलच्या मागील टॉर्शन बारची जुळणी

जुन्या फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या मागील बाजूचा भार कमानपाट्यांऐवजी पीळ सोसणाऱ्या पोलादी दांड्यांवर, म्हणजेच टॉर्शन बारवर असतो. दांड्याच्या आतील टोकाला ४०, तर बाहेरील टोकाला ४४ दाते असतात. आतील टोक एक दाता फिरवल्यास ९ अंशांचा फरक पडतो. बाहेरील टोक उलट दिशेने एक दाता फिरवल्यास त्यातून सुमारे ८ अंश १० मिनिटे वजा होतात. अशा रीतीने अवघ्या ५० मिनिटांची सूक्ष्म जुळणी साधते. दोन्ही बाजूंचा कोन भार नसताना मोजावा आणि तो समान ठेवावा. अन्यथा मोटार एका अंगाला कलते. डावा-उजवा दांडा अदलाबदल करू नये. खाचेवर टेकलेली स्प्रिंग प्लेट प्रचंड ताणाखाली असते. बेसावधपणे सोडवल्यास ती उसळून गंभीर इजा होऊ शकते.