गोठ्यातील चावरी माशी: जीवनक्रम आणि नैसर्गिक शत्रू

2022 मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, गुरांचे बाजार बंद पडले आणि गोठ्यागोठ्यांत फवारणी सुरू झाली. लम्पीचा विषाणू चावऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो, त्यामुळे फवारणी चूक नव्हती. पण फवारा जनावराच्या अंगावर जातो आणि माशी वाढते उकिरड्यात.

ही माशी घरमाशीएवढीच असते, मात्र तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली दिसते. नर व मादी दोघेही रक्त पितात, बहुधा पायांवर. जनावरे पाय आपटत असतील तर आधी तिथे पाहा. काही मिनिटांत पोट भरले की माशी भिंतीवर किंवा खांबावर जाऊन बसते. दिवसाचा बहुतेक वेळ ती अंगावर नसतेच.

मादी अंडी घालते ती मूत्राने भिजलेल्या, कुजलेल्या चाऱ्यात. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मका भरपूर. त्यामुळे गव्हाणीखालची ओली कुट्टी आणि मुरघासाची सडलेली कड या तिच्या आवडत्या जागा. अंडी एक-दोन दिवसांत उबतात. अळी साधारण दोन आठवडे वाढते, मग तपकिरी कोष होतो आणि आठवडाभरात माशी बाहेर पडते. म्हणजे उष्ण, दमट हवेत तीन ते चार आठवड्यांत एक पिढी. घरमाशी याहून लवकर, आठ-दहा दिवसांतच तयार होते. म्हणून ओला कचरा दर आठवड्याला काढून उन्हात पातळ पसरावा. ओल गेली की अळी मरते.

उकिरड्यातच तिचे शत्रूही राहतात. बारीक कोळी अंडी व लहान अळ्या खातात, काळे चकचकीत भुंगेरे अळ्या फस्त करतात, कोंबड्या उकरून खातात. सर्वांत उपयोगी म्हणजे स्पॅलँजिया ही मुंगीएवढी गांधीलमाशी. ती कोषात अंडे घालते आणि तिची अळी आतल्या माशीला खाते. तुमच्याकडे ती आहे का, हे पाहणे सोपे आहे. मूठभर रिकामे कोष गोळा करा. टोकाचे झाकण उडालेले असेल तर माशी निघाली. बारीक गोल छिद्र असेल तर गांधीलमाशी. छिद्रे दिसत असतील तर उकिरड्यावर कीटकनाशक मारू नका, कारण त्याने आधी हेच मित्रकीटक मरतात. भिंतींवर, माश्या बसतात तिथे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध मारता येते.

माश्या कमी झाल्या तरी लम्पीची लस चुकवू नये.