फतेहगढ : तट, माणसं आणि दाणागोटा

इंजिनिअर असल्याने किल्ल्यात शिरलो की मी आधी भिंतीची जाडी बघतो. भोपाळच्या फतेहगढात मात्र बुरुजावरच्या चिमुकल्या ‘ढाई सीढी की मशिदी’पाशी थबकलो. पहाऱ्यावरच्या शिपायांच्या नमाजासाठी ती बांधली, असं सांगतात. ठाणं माणसांवर उभं असतं, हे तिथं कळलं.

डिसेंबर १७३७ मध्ये निजाम जड तोफखाना घेऊन भोपाळच्या आश्रयाला आला. बाजीरावांनी तटाला धडक दिलीच नाही. तोफांच्या माऱ्याबाहेर राहून घोडदळाने रसद तोडली. दक्षिणेतली कुमक चिमाजीअप्पांनी अडवली. तोफा शाबूत, पण दाणावैरण संपली! जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला तह झाला.

हा वेढा आपल्याला पाठ असतो. दुसरा नसतो. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी हेच भोपाळ वेढलं. धान्याची टंचाई तेव्हाही होती, पण वजीर मुहम्मद खानांच्या लोकांनी उपासमार सोसून शहर राखलं. आपल्या फौजा हात हलवत परतल्या. पुढे १८१८ च्या तहात कंपनीनेही भोपाळकडून माणसंच मागितली : ६०० स्वार, ४०० पायदळ.

तेव्हा मंडळी, पुढच्या फेरीत टेप घरी ठेवू. कोठारं, विहिरी आणि पहारेकऱ्यांच्या जागा शोधू.