ज्ञानेश्वरीचे जहाज

तीस वल्ह्यांचे एक जहाज अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले होते. क्रीटहून थीसिअस परतला तो याच जहाजातून, अशी त्यांची श्रद्धा. फळी कुजली की ती काढावी आणि तिच्या जागी नवी, भक्कम फळी बसवावी, असे करत करत ते जहाज फालेरॉनच्या देमेत्रिअसच्या काळापर्यंत, म्हणजे इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकले, असे प्लूटार्क सांगतो. जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले, हेही त्यानेच नोंदवले आहे.

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा रिकामटेकडे कोडे म्हणून येतो. त्या जहाजाला काम होते, हे सांगायचे राहून जाते. थीसिअसच्या वेळचा नवस फेडण्यासाठी अथेन्सहून दरवर्षी डेलॉसला यात्रा जाई, आणि ती ज्या जहाजातून जाई ते थीसिअसचेच, असे अथेनियन मानत. ते परत येईपर्यंत नगरात कोणालाही देहान्त शासन देता येत नसे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाच्या हाती विषाचा पेला यायला विलंब झाला तो यामुळेच. अथेन्सपुरता निकाल यात्रेने केव्हाच दिलेला होता. फळ्या मोजायची गरज कोणाला पडली नाही.

१६५५ साली ‘दे कॉर्पोरे’ या ग्रंथात हॉब्जने या कोड्याला एक अवघड पुरवणी जोडली. काढलेली प्रत्येक जुनी फळी कोणी साठवून ठेवली आणि शेवटी त्याच क्रमाने त्या जोडून दुसरे जहाज उभे केले, तर थीसिअसचे जहाज कोणते म्हणायचे? ज्ञानेश्वरीच्या संहितेचा इतिहास वाचताना आम्हाला हा फळ्या साठवणारा माणूस वारंवार आठवतो. मराठीत तो खरोखरच होऊन गेला, आणि त्याचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला पूर्ण झाला. लेखनिक सच्चिदानंदबाबा. त्यांच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. पोथी आणि जहाज यांत एक मोठा भेद आहे, तो येथे ध्यानात घ्यायला हवा. जहाजाची एक फळी बदलली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात. पोथीची नक्कल होते तेव्हा सगळेच द्रव्य एकदम बदलते, कागद नवा, शाई नवी, हात नवा. टिकायचा तो केवळ शब्दांचा क्रम. आणि नकलकाराच्या बोलीत रूप बदललेले असले की तो क्रमही हलतो: ‘जालें’चे ‘झालें’ होते, ‘म्हणौनि’चे ‘म्हणोनि’ होते. यात लबाडी नसते. आपण काही बदलले, याची त्या बिचाऱ्याला दादही नसते. एखाद्याला मात्र ओवी अपुरी वाटते आणि तो स्वतःची एक रचून घालतो.

सुमारे तीनशे वर्षे असे चालल्यावर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती जमवून ग्रंथाचे शोधन केले. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, अशी त्यांच्या नावे असलेल्या अखेरच्या ओव्यांतील भूमिका आहे. यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीदही तेथेच आहे. आमच्या मते एकनाथांचे मोठेपण या नोंदीत आहे. दुरुस्ती करणारे त्यांच्या आधी अनेक झाले असतील, पण नाव आणि शक घालून दुरुस्ती मान्य करणारे तेच. ते शोधन भाद्रपद वद्य षष्ठीला पुरे झाले, असे परंपरा मानते, आणि ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते ती याच तिथीला. डागडुजीचा दिवस जन्मदिवस ठरल्याचे असे उदाहरण आम्हाला तरी दुसरे ठाऊक नाही.

१९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. हे हॉब्जचे दुसरे जहाज. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, आणि ते होणे रास्तच होते. हॉब्जच्या माणसाच्या हाती खऱ्या जुन्या फळ्या होत्या; राजवाड्यांच्या हाती होती तीही नक्कलच, फक्त जुन्या वळणाची. तरीही तेराव्या शतकाच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर राहिले नाही. महाराष्ट्र शासनाच्या प्रतीनेही राजवाडे संहितेचा आधार घेतला. पारायणाला बसणाऱ्या वारकऱ्याच्या हाती मात्र साखरे किंवा दांडेकर यांच्या परंपरेतील प्रत असते, आणि तिथे कोणी पाठभेद विचारीत नाही. ते जहाज डेलॉसला जाऊन येत आहे.

महानुभावांनी वेगळा मार्ग धरला. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत त्यांनी आपले ग्रंथ बंद केले. त्यामुळे बाहेरच्या नकलकारांचे हात त्यांना फारसे लागले नाहीत आणि जुनी रूपे बरीच वाचली. पण बाहेरच्या वाचकाला ते ग्रंथ विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ नव्हतेच.

खरी अडचण होते ती आपल्या वर्गांत. ‘ज्ञानेश्वरांची भाषा’ या विषयावरचे प्रबंध आम्ही पाहतो, तेव्हा क्रियापदांची रूपे पुष्कळदा प्रचलित प्रतीतून घेतलेली असतात आणि त्यांवर सिद्धान्त मात्र १२९० सालचे उभारलेले असतात. काव्याच्या रसग्रहणाला ती प्रत पुरते. उपमा, दृष्टान्त, ओवीची चाल यांत एकनाथांनी ढवळाढवळ केली असावी असे आम्हाला वाटत नाही. पण एखाद्या प्रत्ययाचे वय ठरवायचे असेल, तर तो कोणत्या संहितेतला, हे आधी लिहायला हवे, आणि नुसते ‘ज्ञानेश्वरी, अध्याय अमुक, ओवी अमुक’ एवढ्याने ते कळत नाही. दोन्ही संहितांत ओव्यांचे क्रमांकसुद्धा सगळीकडे जुळत नाहीत.