सेल्फ लागतोय, पण स्टार्ट होत नाहीये

आळंदीच्या कोणत्याही गॅरेजात थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच. मी या गावात राहतो. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला चाकण, म्हणजे गाड्या बनतात त्या पट्ट्याच्या मधोमध. तरी बंद पडलेल्या गाडीचं निदान करणारे हात इथे कमी होत चाललेत. हे कसं झालं, त्याची ही गोष्ट.

‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगचा हा शोध १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी पुढून हँडल घालून इंजिन फिरवावं लागे. हँडलने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. पण कॉम्प्रेशन आहे की नाही, ते हाताला थेट कळायचं. आपल्याकडे ॲम्बेसेडरबरोबर हँडल कित्येक वर्षं येत राहिलं. सेल्फ आल्यावर निदान हातातून कानात गेलं. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ रडत फिरतो. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो. हा दुसरा आवाज ओळखता आला तर पुन्हा सेल्फ मारू नका, व्हॉल्व्ह वाकतील.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर ठिणगी पाडायची पद्धतही केटरिंगचीच, सेल्फच्या जराशी आधीची. तिची तपासणी कुणालाही जमायची. प्लग काढायचा, वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी दिसली तर पेट्रोलकडे वळायचं. नाही दिसली तर पॉइंटवर पॉलिश पेपर. (आजच्या गाडीवर हा प्रयोग नको, महागात पडेल.)

आमच्या भागाचं खरं शिक्षण मात्र डिझेलवर झालं. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोच्या आकुर्डीतल्या कारखान्यातून मॅटॅडोर आली, पुढे ट्रॅक्स. डिझेलला ठिणगी लागतच नाही. हवा दाबून तापते आणि तिच्यात डिझेल फवारलं की पेटतं. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. मग सेल्फ कितीही मारा, गाडी फक्त खोकते. नट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं आणि बुडबुडे थांबले की नट आवळायचा. याला ‘एअर काढणं’ म्हणतात. कार्तिकीच्या गार पहाटे हीटर प्लग गेलेला असला तर तेही पुरत नाही. हे सगळं एक पाना आणि थोडा धीर यांवर भागायचं.

१९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो नियम लावले. त्यानंतर कार्ब्युरेटर भराभर मागे पडला आणि पेट्रोल किती, कधी सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला. २०१०मध्ये पुण्यासह १३ शहरांत भारत स्टेज ४ आलं, २०२०मध्ये देशभर भारत स्टेज ६. हवेसाठी हे आवश्यकच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निदान आता स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये गेलं. ज्याच्याकडे स्कॅनर, त्याच्याकडे उत्तर. आणि चाकणच्या पहिल्या शिफ्टला माणसं सोडणाऱ्याची गाडी पहाटे पाचला अडते, तेव्हा स्कॅनरवाला झोपलेला असतो.

तरी जुने प्रश्न तेच आहेत: इंधन, ठिणगी, कॉम्प्रेशन. फक्त खुणा बदलल्या. पेट्रोल गाडीची चावी ऑन केल्यावर बहुतेक वेळा मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते. नाही आली तर आधी फ्यूज आणि रिले बघा. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही, दुसरी चावी लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर बऱ्याच गाड्यांत संशय क्रँक सेन्सरवर.

हा सेन्सर सगळ्यांत लबाड. इंजिन तापलं की दगा देतो आणि गार झालं की काही घडलंच नाही असा वागतो. टोचन लावून गाडी गॅरेजात नेईपर्यंत ती एका सेल्फमध्ये स्टार्ट होते.